एकसरचे वीरगळ आणि युद्धावशेषांची ओळख

बोरीवलीच्या पश्चिमेस असलेले एकसर हे गाव आता उपनगराच्या वस्तीत मिसळून गेले आहे. तथापि तेथील वीरगळांमुळे ते अभ्यासकांना परिचित आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तेथील तळ्याकाठच्या आमराईतील सहा शिळांचे वर्णन आढळते. त्यांपैकी चार सुमारे दहा फूट उंचीच्या होत्या. लढाईत कामी आलेल्या वीरांची ही स्मारके होत.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या पट्ट्यात युद्ध व वीराचा मृत्यू, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश, असा सर्वसाधारण क्रम असतो. गाढवाचे शापचित्र असलेला गधेगळ हा मात्र दानाचा दगड असून त्याचा युद्धाशी संबंध नाही. एकसरच्या काही शिळांवर डोलकाठ्यांची, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरलेली आहेत. समुद्रावरील लढाईचे असे शिल्प विरळाच! उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी काही अभ्यासक या शिल्पांचा संबंध जोडतात. शिळांवर लेख नसल्याने हा संबंध अनुमानाचाच मानणे योग्य ठरेल.

अलीकडे धातुशोधक यंत्र घेऊन जुन्या जागा धुंडाळण्याची हौस वाढली आहे. एकसरच्या दगडापाशी हे यंत्र मुकेच राहील. धातू सापडला तरी यंत्र त्याचे वय सांगत नाही. शिशाची गोळी, तोफेचा गोळा किंवा बाणाचे टोक यांचा काळ ठरविताना वस्तू कोणत्या थरात व कशाच्या शेजारी होती, हे पाहावे लागते. वस्तू उपटून काढली की हा पुरावा कायमचा नष्ट होतो. गंजलेले लोखंड घासून चकचकीत करणे, किंवा शिल्पावर तैलरंग फासणे, हेही तितकेच घातक होय.

म्हणून असे काही आढळल्यास वस्तू जागेवरच ठेवून छायाचित्र घ्यावे, स्थळ व तारीख नोंदवावी आणि पुरातत्त्व विभागास कळवावे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण व दिनांक यांची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांस देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. न फुटलेला बाँबगोळा वाटल्यास त्यास स्पर्श न करता प्रथम पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी.