आटलेली विंधन विहीर पुन्हा पाणी कशी देते?

वडसा (देसाईगंज) वैनगंगेच्या काठी आहे. पण नदीपासून दूर, गडचिरोली जिल्ह्याच्या बऱ्याच भागात जमिनीखाली ग्रॅनाइट, नाइस असे कठीण खडक आहेत. उन्हाळ्यात तेथील हातपंपाची धार तुटते आणि गाव नवी ‘बोरिंग’ मागते. पण जुनी विहीर खरोखरच निकामी झाली आहे का?

कठीण खडकात पाणी साठते ते भेगांत. विंधन विहिरीला अशा दोन-चार भेगा लागल्या की ती चालते. पुढे भेगांत गाळ किंवा लोहाचा गंज बसला की आवक घटते.

आता एक नियम पाहू. दाबातील फरक तेवढाच असेल, तर अरुंद भेगेतून वाहणारे पाणी भेगेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते. अर्ध्या मिलिमीटरची भेग एक मिलिमीटर झाली, तर पाणी दुप्पट नव्हे, २×२×२ म्हणजे ८ पट येईल. भेग निम्मी बुजली, तर आठवा हिस्साच उरेल!

‘जलभंजन’ पद्धतीत याचाच उपयोग करतात. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही पद्धत वापरते. विहिरीत खडकाच्या भागात ‘पॅकर’ नावाचे फुगणारे रबरी बूच बसवतात व त्याखाली पंपाने जोराचे पाणी सोडतात. भेगा फाकतात, गाळ सुटतो. नंतर तो उपसून काढतात.

किती दाब लागेल? ६० मीटर खोलीवरची आडवी भेग घेऊ. खडकाची घनता २.७ धरली, तर दर चौरस सेंटिमीटरवर ६०००×२.७ = १६,२०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १६ किलोग्रॅम भार येतो. काठोकाठ भरलेल्या नळातील पाण्याचा दाब ६ किलोग्रॅम. उरलेले १० पंपाने द्यायचे. प्रत्यक्षात खडकाची पकडही सोडवायची असल्याने याच्या कितीतरी पट दाब द्यावा लागतो.

मात्र जलभंजनाने नवे पाणी निर्माण होत नाही. भूजलाची पातळीच खाली गेली असेल, तर पावसाचे पाणी मुरवणे हाच उपाय.

करून पाहा : गावातील हातपंपाची पहाटे परीक्षा घ्या. पहिल्या काही बादल्या झरझर भरून मग धार तुटली, तर आवक कमी आहे. पहिल्यापासूनच बादली सावकाश भरली, तर पंपाचे वायसर झिजले असण्याचा संभव आहे. मग नवी विहीर कशाला? दर महिन्याला बादली भरण्याचा वेळ वहीत टिपून ठेवा. दुरुस्तीला माणसे येतील तेव्हा ती वही त्यांना दाखवा.