कर्ज काढून कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : मी विरारला राहतो. जुना डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स. वसई किल्ल्याचे फोटो सपक येतात. मित्र म्हणतात, कर्ज काढून फुल फ्रेम घे. घेऊ का?

उत्तर : किल्ल्यासाठी तरी नको. तुम्ही रविवारी भर दुपारी जात असाल, असा माझा अंदाज आहे. ऊन डोक्यावर असताना दगडाचा खडबडीतपणा, कमानींवरची नक्षी सगळं सपाट दिसतं. महागडा कॅमेराही तेच टिपेल. सकाळी लवकर जा, नाहीतर चारनंतर. तिरप्या उन्हात सेंट जोसेफ चर्चचा मनोरा वेगळाच उठून दिसतो. मुंबईच्या सफाई कामगारांवरचं छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचं कृष्णधवल कामही पाहा. माणसांनी जवळ येऊ दिल्याशिवाय असे फोटो कुठल्याच लेन्सने मिळत नाहीत.

पण ‘कॅमेऱ्याने काय फरक पडतो?’ हे वाक्य बहुधा भारी कॅमेरावालेच ऐकवतात. भुईगावच्या किनाऱ्यावरचे पक्षी टिपायचे असतील, तर ४०० मिमीच्या लेन्सने पक्षी ५५ मिमीच्या सातपट मोठा येतो. हे अंतर कौशल्याने भरून निघत नाही. चिखलातून पुढे सरकलात की थवा उडालाच. रात्रीच्या हळदीत ५० मिमी एफ/१.८ लेन्स तुमच्या लेन्सच्या एफ/५.६ च्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते, आणि ती तुलनेने स्वस्तही असते.

तेव्हा बॉडी तीच ठेवा, लेन्स आधी भाड्याने आणा. तुमच्या माउंटला बसते ना, ऑटोफोकस चालतो ना, हे दुकानातच लावून बघा.