इनबॉक्स दिसतो, बाकीचे फोल्डर दिसत नाहीत

माझी सगळी मेल टर्मिनलमध्ये, मटवरच चालते. आयमॅप सर्व्हरवरचे फोल्डर हट्टाला पेटले की मी याच क्रमाने जातो.

1. आधी सर्व्हरपर्यंत पोहोचतोय का ते बघा. मटला बाजूला ठेवून ओपनएसएसएलच्या ‘एस-क्लायंट’ने थेट 993 पोर्ट गाठा. ‘ओके’ची ओळ आली, तर नेटवर्क आणि फायरवॉल दोघेही सुटले.

2. पासवर्ड बरोबर असूनही नकार येऊ शकतो. जीमेलने 2022 मध्ये वैयक्तिक खात्यांसाठी अशा प्रोग्रॅमांत नेहमीचा पासवर्ड चालवणं बंद केलं. टू-स्टेप पडताळणी सुरू करून 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्या, नाहीतर ओऑथ जोडा.

3. यादी कुठली दिसतेय ते तपासा. ‘सी’ आणि मग प्रश्नचिन्ह दाबल्यावर स्वतःच्याच मशीनवरचे फोल्डर दिसले, तर ‘फोल्डर’ सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता घातलेला नाही. सर्व्हरची यादी येते पण अपुरी, असं असेल तर फक्त सबस्क्राइब केलेले फोल्डर दिसत असतील. कॅपिटल ‘टी’ दाबा, सगळे दिसतील.

4. फोल्डरचं पूर्ण नाव सर्व्हरलाच विचारा. पहिल्या मुद्द्यातल्या जोडणीवरच लॉगिन करून ‘लिस्ट’ कमांड द्या. उत्तराच्या प्रत्येक ओळीत आधी कंसात खुणा, मग अवतरणात विभाजक चिन्ह आणि शेवटी नाव असतं. कुरिअर सर्व्हरवर विभाजक टिंब असतं आणि ‘सेंट’ हा ‘इनबॉक्स टिंब सेंट’ म्हणून मिळतो. जीमेलवर तोच चौकटी कंसातल्या ‘जीमेल’खाली ‘सेंट मेल’ नावाने असतो. नुसतं ‘सेंट’ लिहून दोन्हीकडे काही हाती लागत नाही.

5. मराठी नावांना घाबरू नका. ‘बिले’ नावाचा फोल्डर त्या यादीत ‘अँड’च्या चिन्हाने सुरू होणारी, आडव्या रेघेने संपणारी रोमन अक्षरांची गिचमिड दिसतो. आयमॅपची ही जुनी सांकेतिक लिपी मट स्वतः उलगडतं. फक्त टर्मिनलचं लोकॅल यूटीएफ-8 हवं.

6. तरीही अडलं, तर मट डीबग पर्यायासह चालवा आणि होम डिरेक्टरीतली लॉग फाइल शेवटाकडून वर वाचत जा. सर्व्हरने ‘नो’ म्हटलं, त्याच्या वरचीच कमांड बहुधा गुन्हेगार असते.

सेटिंग एका वेळी एकच बदला. आणि लॉग मदतीसाठी कुणाला पाठवणार असाल, तर त्यातले पत्ते आणि खासगी मजकूर आधी पुसून टाका.