तडा गेलेला एमसीबी आणि ‘परत घेणार नाही’

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या तीन एमसीबींपैकी एकाला तडा आहे, दुसऱ्याचा खटका अडकतो. विक्रेता म्हणतो, इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही. तडा गेलेला चिकटवून वापरू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नको. शॉर्टसर्किट झाल्यावर एमसीबीच्या आत क्षणभर प्रचंड उष्ण ठिणगी उठते. ती आतच विझवण्याचं काम त्या कवचाचं आणि आतल्या पट्ट्यांचं असतं. तडकलेलं कवच त्या दाबाला फुटू शकतं. खटका अडकणारा एमसीबी तर ऐनवेळी पडेलच याची खात्री नाही. तिसरा वरून धड दिसला, तरी त्याच खोक्यात आपटलेला आहे. तोही परत करा.

आता पैशांचं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याची स्वतःची अट इथे चालत नाही. खोकं, लेबल, तडा यांचे फोटो आणि बिल जपून ठेवा. वस्तू बोर्डात बसवू नका, नाहीतर ‘तुमच्याच वायरमनने मोडली’ हे ऐकावं लागेल. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे.

तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढची पायरी साताऱ्याचाच जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठलाही असो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.