सातासमुद्रापलीकडची गोधडी

सॅन फ्रॅन्सिस्को हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर. तेथील मिशन स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावर, एका उत्तुंग इमारतीच्या खालच्या मजल्यांत, एक लहानसे संग्रहालय आहे. आफ्रिका खंडातून जगभर पांगलेल्या लोकांची कला व त्यांची कहाणी सर्वांपुढे मांडावी, या हेतूने ते २००५ साली सुरू झाले. २०११ साली मी मुलीकडे गेलो असताना माझ्या दहा वर्षांच्या नातवाने मला तेथे नेले. खरे सांगायचे तर मी फारसा उत्सुक नव्हतो. त्या कलेशी आपला काय संबंध, असेच मला वाटत होते.

रस्त्यावरूनच काचेच्या भिंतीआड एका लहान मुलीचा चेहरा दिसू लागला. केवढा चेहरा तो! तब्बल तीन मजले उंच! आम्ही जिना चढू लागलो आणि जसजसे जवळ गेलो, तसतसा तो चेहरा विरत गेला. त्याच्या जागी दिसू लागली माणसांची छोटी छोटी छायाचित्रे. कोठे म्हातारी, कोठे तान्हे मूल, कोठे लग्नाची जोडी. देशोदेशींच्या आफ्रिकी वंशाच्या माणसांची अशी दोन हजारांहून अधिक छायाचित्रे जुळवून त्या मुलीचा चेहरा घडवलेला होता.

"आजोबा, ही सगळी माणसे आपापला देश सोडून का गेली?" नातवाने विचारले.

गेली नाहीत, नेली गेली. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापार पाठवण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ १८ लाख वाटेतच मेली. जी उतरली, त्यांच्या हाती काहीही नव्हते. परंतु हातांत भरलेले कसब आणि डोक्यात साठवलेली गाणी कोणत्या मालकाला हिरावून घेता येणार?

त्या वेळी संग्रहालयात प्रदर्शन होते ते गोधड्यांचे. एका दालनात आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी कलावंतांच्या गोधड्या होत्या. त्यांच्यात ही कला फार जुनी आहे. जॉर्जिया प्रांतात १८३७ साली गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स या स्त्रीने बायबलातील प्रसंग कापडाच्या आकृत्यांनी शिवून एक गोधडी केली होती. एका चित्रकला-शिक्षिकेने ती मागितली, तेव्हा तिने साफ नकार दिला. पुढे ओढगस्त आली आणि अवघ्या ५ डॉलरना तीच गोधडी तिला द्यावी लागली. देताना तिने प्रत्येक चौकटीचा अर्थ समजावून सांगितला आणि नंतरही ती आपली गोधडी पाहायला त्या बाईंच्या घरी पुन्हा पुन्हा जात असे. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दुसऱ्या दालनात शिरलो आणि मी थबकलोच. भिंतीवर टांगलेल्या त्या रंगीबेरंगी गोधड्यांतील कापड मला ओळखीचे वाटले. जुनी लुगडी, परकर, सदरे! पाटीवर कर्नाटकाचे नाव होते. यल्लापूर, हल्याळ या भागांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांनी त्या शिवलेल्या होत्या. पोर्तुगीजांनी यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पूर्व आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले. त्यांतील कित्येक जण पळाले आणि सह्याद्रीच्या रानात जाऊन राहिले. त्यांच्या बोलीत कोकणीबरोबर मराठी व कानडी शब्दही मिसळलेले आहेत.

या गोधडीला ते कवंदी म्हणतात. ती शिवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. बाई अस्तराच्या काठापासून आरंभ करते आणि एकेक तुकडा ठेवीत, धावदोरा घालीत, गोल गोल फिरत मध्यापर्यंत येते. आधी आखणी नाही, मापपट्टी नाही. कोणी त्यात क्रूस शिवते, कोणी चंद्रकोर. शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या चिमुकल्या घड्या लावतात. त्यांना फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्या स्त्रिया मानतात. माझ्या आईच्या गोधडीला अशी फुले नव्हती. ऊब मात्र तीच असणार.

"ही माणसे तुमच्या गावाजवळची ना? मग तुम्हांला ठाऊक असतील," नातू म्हणाला.

मी गप्प झालो. पुष्कळ वर्षे मी वर्गात मलिक अंबर शिकवला. त्याची जमीनमहसुलाची पद्धत, त्याचा गनिमी कावा, त्याने वसवलेले खडकी शहर, तेथे खापरी नळांनी आणलेले पाणी, हे सारे मुलांकडून पाठ करून घेतले. पण तो इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला आणि हातोहात विकला जात बगदादमार्गे दख्खनला पोहोचला, हे मी एका वाक्यात उरकीत असे. त्या पोराला आईचे नाव तरी आठवत असेल का, असा प्रश्न मी कोणत्याही वर्गाला विचारला नाही. मलाही तो पडला नव्हता.

घरी आल्यावर नातवाने आपली नकाशावही उघडली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून अमेरिकेकडे जाणाऱ्या रेघा तिच्यात छापलेल्याच होत्या. पूर्वेकडचा समुद्र कोरा होता. मी शिसपेन्सिल घेतली आणि मोझांबिकवरून गोव्यापर्यंत, गोव्याहून घाट चढून यल्लापूरपर्यंत एक रेघ ओढली.

"आणि मलिक अंबरची?" त्याने विचारले.

इथिओपियापासून बगदाद, बगदादपासून खडकी. ती रेघ ओढताना मला हात दोनदा उचलावा लागला.