दोन्ही बाह्या उजव्या

हे बघ मने, मशीन घेतलंस ते छान केलंस. पण काल फोनवर म्हणालीस ना, "ताई, आता शिलाईचे पैसे तरी वाचतील," तेव्हा मी हसू कसं दाबलं ते माझं मला ठाऊक. बारा वर्षं शिवतेय मी, एक पैसा वाचलेला नाही. उलट घरात कापडांचं एक कपाट झालंय. मंगळदास मार्केटात अस्तर आणायला जायचं आणि येताना चार ब्लाऊजपीस, दोन मीटर इकत आणि "कशाला तरी होईल" म्हणून लेसची गुंडी घेऊन यायचं. कापड जमवणं आणि कपडे शिवणं हे दोन वेगळे छंद आहेत, बरं का. पहिला तुला आधीपासूनच आहे.

तू रडकुंडीला आलीस ती त्या गुंत्यापायी. वरून टीप सुरेख, आणि कापड उलटून बघावं तर खाली चिमणीचं घरटं. तीनदा बॉबिन भरलीस म्हणे. अगं, तिचा बिचारीचा काही दोष नाही. गुंता खाली दिसला की चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. कापड दाबणारा पाय खाली टेकलेला असताना दोरा ओवला, तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही. मग त्याला धरून ठेवणारं कुणी नाही, तो खाली मोकाट सुटतो. पाय उचल, दोरा पार काढ आणि पुन्हा ओव.

आणि सुई बदल. मलमलीला 11 नंबर, आपल्या रोजच्या सुती कापडाला 14, जीन्सला 16. पाकिटावर 90/14 असं लिहिलेलं असतं, त्यातला 90 म्हणजे सुईची जाडी, 0.9 मिलिमीटर. हे कळायला मला चार वर्षं लागली. तोवर एकाच बोथट सुईने मी मलमलही शिवत होते आणि पडदेही, आणि शिव्या मशीनला घालत होते.

सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घे, हे तुला आईने सांगितलंच असेल. तू करणार नाहीस. एक कुर्ता आटला की करशील.

आता खणाची गोष्ट सांगते. आईपर्यंत जाऊ देऊ नकोस.

आत्याने दिलेला गुळेदगुड्डचा जांभळा खण होता. खणाचा पन्हा लहान, काठ दोन्हीकडे. म्हटलं, बाहीच्या कडेला काठ यायलाच हवा. एरवी कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापतात. मी काठ साधायच्या नादात एकेक सुटी बेतली. पहिली कापली, कागद उचलला, तसाच फिरवून समोरच्या काठावर ठेवला आणि दुसरी कापली. रात्री साडेअकराला उजवी बाही जोडली, झकास बसली. डावी घेतली तर मुंढ्याची पुढची खोल बाजू पुढे यायलाच तयार नाही. फिरवून पाहिली, वर-खाली करून पाहिली. उलटी केली की बरोब्बर बसे, पण मग खणाची उलटी बाजू बाहेर. कागद पालथा घालायचा राहिला होता. दोन्ही बाह्या उजव्या!

अर्धा तास नुसती बसून होते. तुझे भाऊजी पाणी प्यायला उठले, बघून म्हणाले, "तशीच लाव की. कुणाला कळणार आहे?" शिवणाऱ्या बाईला रात्री बारा वाजता हे वाक्य ऐकवू नये.

मग उसवायला बसले. मने, उसवायला नीट शीक, शिवण्याआधी शीक म्हटलं तरी चालेल. दोरा ओढत सुटायचं नाही, कापड विरतं, त्यातून खण तर सुटायला टपलेलाच असतो. एका बाजूने तीन-चार टाके सोडून एकेक टाका कापत जायचं. मग कापड उलटायचं आणि दुसऱ्या बाजूचा दोरा हलकेच उचलायचा. अख्खा सरसर निघून येतो. त्या सरसरण्यात काय सुख आहे ते तुला आत्ता सांगून कळायचं नाही. शेवटी साध्या काळ्या सुती कापडाच्या बाह्या केल्या आणि त्या दोन उजव्यांचे काठ कापून त्यांना लावले. ज्या लग्नासाठी हा सगळा खटाटोप, तिथे बाहीबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही. भाऊजींचं खरं ठरलं. मी त्यांना ते सांगितलेलं नाही.

तरी का शिवते म्हणशील तर खिशासाठी. माझ्या प्रत्येक कुर्त्याला खिसा आहे, मोबाइल पुरता आत जाईल एवढा. गर्दीच्या लोकलमध्ये पर्स न उघडता पास काढते तेव्हा मी राणी असते. आणि गळ्याला उरेब पट्टी लावून, आत वळवून इस्त्री फिरवली की गळा जो निमूट खाली बसतो, तो क्षण! त्याआधी हातात नुसत्या चिंध्या असतात गं.

एक मात्र ऐक. मशीन आल्याचं चुलत-मावस गोतावळ्यात फार सांगू नकोस. "तुला येतंच ना, एवढा फॉल लावून दे," इथून सुरुवात होते आणि दिवाळीत तुझ्या पलंगावर सात जणींचे ब्लाऊज पडलेले असतात, त्यातल्या तिघींची मापं मागच्या वर्षीची. माझं मशीन ऑक्टोबरात हटकून बिघडतं. तुझंही बिघडू दे.

रविवारी ये. खाली गुंता झालेला तो तुझा कुर्ता एकटीने उसवत बसू नकोस, घेऊन ये. माझा सीम रिपर चांगला धारेचा आहे. येताना 14 नंबरच्या सुयांचं पाकीट आण, माझ्या संपल्यात.