संगणकास अक्षर कसे कळते?

माध्यमिक शाळेतील मुले आम्हांस विचारतात की, संगणकास मराठी कळते काय? कळत नाही. त्यास शून्य व एक ह्या दोनच खुणा ठाऊक आहेत. अशा आठ खुणांचा एक बाइट होतो, व त्यात 256 निरनिराळ्या संख्या मांडता येतात. म्हणून प्रत्येक अक्षरास क्रमांक नेमून द्यावा लागतो.

पूर्वी हे क्रमांक फाँटागणिक निराळे असत. एकदा एका गावाहून आम्हांकडे लग्नाची सूचना आली. लिहिणाऱ्याने बिनचूक लिहिले होते. परंतु आमच्या यंत्रात तो फाँट नसल्यामुळे वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली, आणि नावे विचारावयास सायकलवरून मनुष्य धाडावा लागला!

1991 साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडात 'क' चा क्रमांक सर्वत्र 2325 हाच आहे. वेलांटीस क्रमांक निराळा; यास्तव 'कि' आपल्या डोळ्यांस एक, यंत्रास दोन. मोबाइलच्या एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची 160 चिन्हे मावतात, देवनागरीची सामान्यतः 70, आणि त्यांत काना, मात्रा, अनुस्वार सारे मोजले जातात. घरी धाडलेल्या लहानशा मराठी निरोपास दोन संदेशांचे पैसे का पडले, हे मुलांनी आता चिन्हे मोजून पाहावे.